जुन्या टू-स्ट्रोकचे तेल : एका विसरत चाललेल्या ज्ञानाचा इतिहास

१/ उदगीर असो की देगलूर, औसा असो की कंधार, मराठवाड्यातल्या जुन्या वाड्याच्या ढाळजेत पोत्याखाली झाकलेली एखादी राजदूत, येझदी किंवा आरएक्स-१०० अजूनही सापडते. चालवणारा गेला, गाडी राहिली. मग एखाद्या सुट्टीत नातू येतो, धूळ झटकतो, टाकीत ताजे पेट्रोल ओततो आणि किक मारतो. पंधरा-वीस वर्षे थांबलेले इंजिन निकामी होण्याचा धोका नेमका याच क्षणी सर्वाधिक असतो. असे का, हे समजण्यासाठी टू-स्ट्रोकच्या तेलाचा इतिहास पाहावा लागतो.

२/ सुरुवात इंग्लंडातील बाथ या गावी होते. १८९१ मध्ये जोसेफ डे याने अशा इंजिनाचे पेटंट घेतले, ज्यात क्रँककेस हाच पंप होतो. पिस्टन वर जाताना हवा व इंधन क्रँककेसमध्ये ओढले जाते आणि खाली येताना तेच दाबून सिलिंडरमध्ये पाठवले जाते. क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट होतो. फोर-स्ट्रोकसारख्या कॅमवर चालणाऱ्या झडपा नाहीत, चालणारे भाग मोजकेच. मात्र इंधनच क्रँककेसमधून वाहत असल्यामुळे तिथे फोर-स्ट्रोकप्रमाणे तेलाचा साठा ठेवता येत नाही. मग वंगण द्यायचे कोठून?

३/ उत्तर साधे होते : तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे. मिश्रण क्रँककेसमध्ये शिरले की पेट्रोलची वाफ होते, तेलाचे सूक्ष्म थेंब बेअरिंगवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर बसतात आणि शेवटी जळून धुराबरोबर बाहेर पडतात. म्हणजे टू-स्ट्रोकचे तेल दर क्षणी नवे येते आणि दर क्षणी खर्च होते. फोर-स्ट्रोकच्या अर्थाने ते 'बदलण्याचा' प्रश्नच येत नाही. गाडी चालू असेपर्यंत हे अगदी खरे आहे. ती वर्षानुवर्षे थांबली की हे सत्य उलटते.

४/ या कथेत मराठवाड्याचा एक जुना धागा आहे. आजचे नांदेड आणि लातूर जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि हे संस्थान एरंडीच्या मोठ्या उत्पादक प्रदेशांपैकी एक होते. बैलगाडीच्या कण्याला वंगण म्हणून एरंडेल इथल्या शेतकऱ्याच्या परिचयाचे होते. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांनाही तेच लागे. त्या इंजिनांतही पेट्रोल क्रँककेसमधूनच जात असे. खनिज तेल त्यात धुऊन निघे, एरंडेल मात्र पेट्रोलमध्ये सहज विरघळत नसल्यामुळे टिकून राहत असे. १९०९ मध्ये वेकफील्ड कंपनीने आपल्या तेलाला दिलेले 'कॅस्ट्रॉल' हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलेले आहे. एरंडेलाचा दोषही तेव्हाच ध्यानात आला होता : उभ्या इंजिनात ते कालांतराने डिंकासारखे चिकट होते. पुढे खनिज तेलाच्या मिश्रणांनी त्याची जागा घेतली, तरी दीर्घकाळ पडून राहिलेले कोणतेही तेल जुने होते, हा धडा कायम राहिला.

५/ टू-स्ट्रोक सर्वसामान्यांपर्यंत नेण्यात जर्मनीतील च्योपाउ येथील डीकेडब्ल्यू कारखान्याचा मोठा वाटा होता. त्यांची आरटी-१२५ ही १९३९ ची मोटारसायकल दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर नक्कल झाली. ब्रिटनची बीएसए बँटम, अमेरिकेची छोटी हार्ले आणि १९५५ ची यामाहाची पहिली मोटारसायकल वायए-१ या तिन्हींचे मूळ तेच आहे. त्याच यामाहाची आरएक्स-१०० पुढे १९८५ पासून भारतात बनू लागली.

६/ भारतात त्याआधीच दोन घराण्यांची गाडी रुळली होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावाची भारतीय आवृत्ती बाहेर पडू लागली. १९७३ मध्ये तिचे नाव येझदी झाले. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून राजदूत आणली. दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्ही तत्कालीन समाजवादी युरोपातल्या आणि दोन्ही खडबडीत रस्त्यांना सरावलेल्या.

७/ मराठवाड्यात त्यांची गरज का भासली, याचे एक उत्तर रेल्वेत आहे. नांदेडला मीटरगेज होती. लातूरला १९११ पासून बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी येत असे. दोन शेजारच्या शहरांच्या रुळांचे मापच वेगळे. तालुक्याची गावे तर बहुतांश रुळांपासून दूरच होती. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामसेवक, विस्तार अधिकारी, शिक्षक, पशुवैद्य यांची गावोगावची फिरती वाढली. अडत व्यापारी आणि डॉक्टर आधीपासून फिरतच होते. ज्या इंजिनात बिघडण्यासारखे भाग कमी आणि जे झाडाखाली बसूनही दुरुस्त होते, ते त्यांच्या उपयोगाचे ठरले.

८/ इथेच या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. टू-स्ट्रोकच्या तेलाचे ज्ञान फारसे छापील पुस्तकात राहिले नाही. ते पंपावर राहिले. लिटरला किती तेल, हे पंपावरचा माणूस गाडी पाहूनच ओळखे. १:२० म्हणजे लिटरला ५० मिलिलिटर, १:५० म्हणजे २०. नव्या इंजिनाला थोडे जास्त, रुळलेल्याला थोडे कमी. गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते आणि ते मात्र ठरावीक काळाने बदलायचे असते, हे मेकॅनिकला पाठ असे. चालकाने ते शिकण्याची फारशी गरजच पडली नाही. जे ज्ञान रोजच्या वापरात असते ते कोणी लिहून ठेवत नाही आणि वापर थांबला की ते पहिल्यांदा नष्ट होते.

९/ वापर थांबण्याची सुरुवातही १९८५ च्याच सुमारास झाली. त्या वर्षी मराठवाड्यातच, वाळूजला, बजाजचा कारखाना उघडला आणि टू-स्ट्रोक दुचाक्यांचा भर ओसरलेला नव्हता. पण त्याच वर्षी हीरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी-१०० आली. तिचे तेल क्रँककेसमध्ये वेगळे राही, पेट्रोल कमी लागे आणि धूर जवळजवळ नसे. टू-स्ट्रोकमध्ये मात्र न जळलेल्या इंधनाचा व तेलाचा काही भाग थेट धुराड्यातून निसटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९८ अखेर दिल्लीत सुट्या टू-टी तेलाच्या विक्रीवर बंदी आली आणि पंपावरच मोजून मिश्रण देणे बंधनकारक झाले. येझदी आणि आरएक्स-१०० यांचे उत्पादन १९९६ मध्येच थांबले होते. २००० नंतरच्या प्रदूषण-निकषांनी उरलेल्यांचीही वाट बंद केली.

१०/ आता ढाळजेतल्या गाडीकडे परत येऊ. तिच्यात तेल तीन ठिकाणी अडकलेले असते. पहिले टाकीत व कार्ब्युरेटरमध्ये : पेट्रोल उडून गेलेले, तळाशी वार्निशसारखा थर. दुसरे क्रँककेसमध्ये : बेअरिंगवर घट्ट झालेला लेप. तिसरे गिअरबॉक्समध्ये : क्लच आणि गिअरांसाठीचे वेगळे तेल, ज्यात ओलावा शिरलेला असू शकतो. नातू बहुधा तिसरेच बदलतो, कारण फोर-स्ट्रोकच्या सवयीने 'तेल बदलणे' म्हणजे खालचा बोल्ट काढणे एवढेच त्याला माहीत असते.

११/ जाणता मेकॅनिक क्रम उलटा धरतो. आधी स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ताजे टू-टी तेल सोडायचे आणि एक रात्र थांबायचे. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून किक हाताने सावकाश फिरवून पाहायची, जोर लावायचा नाही. टाकी पूर्ण रिकामी करून धुवायची, कार्ब्युरेटरचे जेट मोकळे करायचे. आरएक्ससारख्या गाडीत तेलाची वेगळी टाकी आणि पंप असतो. १९६४ मध्ये यामाहाने ही 'ऑटोल्यूब' पद्धत आणली होती. तिथली नळी जुन्या तेलाने तुंबते किंवा हवेने भरते. ती मोकळी करून पंपातून तेल येते याची खात्री होईपर्यंत टाकीतही मिश्रणच घालायचे. नाहीतर इंजिन सुरू होते, पण कोरडे फिरते आणि पिस्टन सिलिंडरला चिकटतो. मेकॅनिकच्या भाषेत 'सीझ' होते.

१२/ गिअरबॉक्समधून काढलेले तेल हा एक दस्तऐवजच असतो. ते दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. त्यात चकाकी दिसली तर गिअर किंवा बेअरिंग झिजले आहे. निघालेले तेल अपेक्षेपेक्षा फारच कमी असेल आणि बाहेर गळतीची खूण नसेल, तर ते क्रँकच्या सुकलेल्या सीलमधून क्रँककेसमध्ये गेलेले असू शकते. अशी गाडी सुरू केल्यावर दाट पांढरा धूर ओकते. मॅग्नेटोच्या बाजूचे सील गेले असेल तर उलट हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. म्हणून तेल ओतून टाकण्याआधी ते नीट पाहायचे आणि सील बदलूनच पुढे जायचे.

१३/ आजचे पेट्रोलही जुने राहिलेले नाही. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले. मराठवाड्याच्या उसाचाही त्यात वाटा आहे. इथेनॉल ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून अशा गाडीत मिश्रण गरजेपुरतेच, वेगळ्या डब्यात ढवळून घालावे आणि ती पुन्हा बराच काळ उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवावी. काढलेले जुने तेल नाल्यात किंवा आडात ओतू नये. ते घातक कचऱ्यात मोडते.

१४/ हे सारे कशासाठी? २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी व इंजिनात मोठे फेरफार नसावेत अशी अट आहे. साठच्या दशकातली जावा किंवा राजदूत आज त्या वयाची झाली आहे. घाईत मारलेल्या एका किकेने मूळ सिलिंडर व क्रँक गेले, तर गाडीचे जुनेपण कागदावर उरते आणि आतली वस्तू दुसरीच होते.

१५/ हे राखणारी माणसे अजून आहेत. नांदेड-लातूरच्या जुन्या गॅरेजांत टू-स्ट्रोक कानाने ओळखणारे मेकॅनिक आज वयाने साठीपार गेले आहेत. म्हणून ढाळजेतल्या गाडीला नवे तेल देण्याआधी अशा माणसाला बोलावावे, तो काय करतो ते पाहावे आणि लिहून ठेवावे. किक त्यानंतर मारली तरी चालते.