सही करायला काय जातं?

एच-१ वर जाणाऱ्या आपल्या आयटी जनतेला अमेरिकेचे फॉर्म तोंडपाठ असतात. पण आय-८६४ म्हटलं की बरेच जण 'हा कुठला?' असा चेहरा करतात. बरोबरच आहे. बायको एच-४ वर येते, पुढे ग्रीन कार्ड कंपनी करते, आणि कंपनीमार्फत होणाऱ्या कार्डाला हा फॉर्म सहसा लागत नाही. तो लागतो तिथल्या नागरिकाला किंवा ग्रीन कार्डवाल्याला आपला नवरा किंवा बायको परदेशातून कायमची न्यायची असेल तेव्हा. 'अॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट.' म्हणजे हिचा किंवा ह्याचा भार मी उचलीन, सरकारच्या गळ्यात पडू देणार नाही, आणि माझी तेवढी ऐपत आहे हा घ्या पुरावा. टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-२, कंपनीचं पत्र, पगाराच्या पावत्या वगैरे.

गेले तीन-चार वीकेंड मी ह्या फॉर्मच्या मागे आहे. का, ते खाली येईलच. पण एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये विचित्र ओळ दिसली की ती पहिल्यांदा कुणी आणि का लिहिली ते बघायची मला खोड आहे. म्हणून मागे मागे जात राहिलो, आणि पोचलो थेट १६६२ च्या इंग्लंडात.

तिथे १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशने (चर्चभोवतीचं गाव म्हणा) आपल्या हद्दीतल्या गरिबांना पोसायचं असं ठरलं होतं, आणि त्यासाठी गावातच पट्टी गोळा व्हायची. साहजिकच गावाला एकच काळजी, बाहेरचा गरीब इथे येऊन बसला तर? मग १६६२ चा सेटलमेंट अॅक्ट आला. नवा माणूस आल्यापासून ४० दिवसांच्या आत तक्रार झाली, तर दोन मॅजिस्ट्रेट त्याला त्याच्या मूळ गावी परत पाठवू शकत. त्याने मदत मागितलेली असायला हवी असं काही नाही. पुढे-मागे बोजा होईल असं वाटलं तरी पुरे. सुटका कुणाची? वर्षाला १० पौंड भाड्याची जागा घेण्याची ऐपत असेल त्याची. साध्या मजुराचं भाडं त्याच्या आसपाससुद्धा जात नसे. म्हणजे 'पैसे असल्याचा आकडा दाखवा आणि आत या' ही अट साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे.

आणि बायकोचं काय? लग्न झालं की तिचं गाव नवऱ्याचं गाव. नवरा मेला आणि ती अडचणीत आली, तर जिथे तिने आयुष्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं अशा सासरच्या पॅरिशमध्ये तिची रवानगी होऊ शकत असे. हे वाचताना मला अजिबात परकं वाटलं नाही, तुम्हालाही वाटणार नाही.

हीच कल्पना जहाजात बसून अमेरिकेला गेली. न्यूयॉर्कने १८२४ साली कायदा केला की येणाऱ्या प्रवाशांची यादी जहाजाच्या कप्तानाने द्यायची, आणि सांगितलं तर माणशी ३०० डॉलरपर्यंत हमी लिहून द्यायची, म्हणजे प्रवासी शहरावर बोजा झालाच तर वसुली कप्तान आणि मालकाकडून. पुढे हमीऐवजी माणशी थोडे पैसे भरून मोकळं होण्याची सोय निघाली. शेवटी शेवटी हा दर दीड डॉलर होता. जहाजवाले तो अर्थातच तिकिटात लावत (इतिहासात कुणी कधी आपल्या खिशातून कर भरलेला मी वाचलेला नाही). १८७६ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने हे कायदे मोडीत काढले. परदेशातून येणाऱ्यांचं बघायचं ते देशाने, राज्यांनी नाही. मग काँग्रेसने १८८२ मध्ये देशाचा कायदा केला, माणशी ५० सेंट कर लावला आणि ज्याला स्वतःचं पोट भरता येणार नाही त्याला बंदी घातली. १८९१ मध्ये त्यात एक शब्द आला, 'लायकली'. बोजा होण्याची शक्यता असलेला. गंमत त्या शब्दातच आहे. शक्यता कुणी मोजायची, आणि कशी?

सुरुवातीला ती एलिस आयलंडवरचा इन्स्पेक्टर नजरेने मोजत असे. १९०९ साली तिथले कमिशनर विल्यम विल्यम्स यांनी प्रवाशाजवळ तिकीट सोडून साधारण २५ डॉलर असावेत असा दंडक घातला. एकट्या बाईची शक्यता तर जन्मतःच जास्त धरलेली. नवऱ्याकडे निघालेल्या बायका-पोरांना नवरा स्वतः न्यायला येईपर्यंत, किंवा त्याची तार नाहीतर पैसे येईपर्यंत बेटावरच थांबवून ठेवत. आजच्या स्पॉन्सरचा आजोबा म्हणजे धक्क्यावर टोपी हातात घेऊन उभा असलेला हा नवरा. १९१५ साली मात्र सुप्रीम कोर्टाने ह्या शक्यतेला एक लगाम घातला. ऑरेगनमधल्या पोर्टलंडला निघालेल्या दोन रशियनांना 'पोर्टलंडमध्ये सध्या कामं नाहीत' म्हणून परत धाडायचं चाललं होतं. न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं की कायद्यात माणसातले दोष मोजलेत, शहरातली बेकारी नाही.

ह्या सगळ्यात आपण कुठे? फारसे नाहीच. त्या काळात पॅसिफिक किनाऱ्यावर उतरलेल्या बऱ्याच पंजाबी मजुरांना हेच 'बोजा होतील' कलम लावून परत पाठवलं गेलं. १९१७ च्या कायद्याने तर जवळपास आख्खा आशियाच बंद झाला. १९४६ मध्ये भारताला दार उघडलं ते वर्षाला १०० माणसांपुरतं.

१९२४ नंतर व्हिसा परदेशातल्या वकिलातीत मिळायला लागला, म्हणजे शक्यता मोजणारा माणूस बदलला, इन्स्पेक्टरच्या जागी कॉन्सल आला. ह्याच कायद्यात नागरिक पुरुषाच्या बायकोला कोट्याबाहेर प्रवेश होता, पण नागरिक बाईच्या नवऱ्याला नाही. नवरा बायकोच्या पगारावर येईल ही कल्पनाच कुणाला पेलवत नव्हती बहुतेक. ती तफावत पूर्ण मिटायला १९५२ उजाडावं लागलं.

मग मंदी आली. सप्टेंबर १९३० मध्ये प्रेसिडेंट हूव्हर यांच्या सरकारने कॉन्सलांना सांगितलं की हे कलम कडक लावा. कायद्यातलं अक्षरही न बदलता दार बंद झालं. जर्मनीचा वर्षाचा कोटा २५,९५७ चा. हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ साली व्हिसा दिले गेले १,२४१. बोजा होणार नाही हे सिद्ध करायला अमेरिकेतल्या कुणाचं तरी अॅफिडेव्हिट हवं, त्याचं बँक पुस्तक हवं, टॅक्सचे कागद हवेत. व्हिएन्नातले ज्यू अमेरिकेच्या फोन डिरेक्टरीत आपल्या आडनावाची माणसं शोधून अनोळखी लोकांना पत्रं लिहीत, आमच्यासाठी सही कराल का म्हणून. मी हे वाचलं आणि लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

अॅन फ्रँकचे वडील ऑटो फ्रँक यांची ह्या संदर्भातली पत्रं २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उजेडात आली. त्यांनी १९३८ मध्येच व्हिसासाठी नाव नोंदवलं होतं, पण रॉटरडॅमवर १९४० च्या मे महिन्यात बॉम्ब पडले आणि वकिलातीतले कागद जळाले. ३० एप्रिल १९४१ ला त्यांनी कॉलेजच्या दिवसांपासूनचा मित्र नेथन स्ट्रॉस (ज्युनियर) याला पत्र लिहिलं आणि ५,००० डॉलरची हमी ठेव मागितली. हा मेसीजवाल्या घराण्यातला, सरकारातही वरच्या पदावर. बायकोचे दोन भाऊ अमेरिकेत होते, तेही आपल्या साध्या पगारावर अॅफिडेव्हिट द्यायला तयार झाले. असा मित्र आणि असे मेव्हणे असूनही जमलं नाही. कागद जुळत आले तोवर १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मनव्याप्त प्रदेशातल्या अमेरिकन वकिलातीच बंद झाल्या.

आता ह्या गोष्टीतला खरा ट्विस्ट. इतकं रक्त आटवून मिळवलेल्या ह्या अॅफिडेव्हिटला कायद्याच्या दृष्टीने किंमत काय होती? जवळपास शून्य! १९५९ साली मिशिगनच्या सुप्रीम कोर्टापुढे एक प्रकरण आलं. आलेल्या माणसावर सरकारी खर्च झाला, राज्याने तो सही करणाऱ्याकडे मागितला. कोर्टाने सांगितलं की ही जबाबदारी नैतिक आहे, करार नव्हे. कॅलिफोर्नियात १९६९ मध्येही तोच निकाल. आत येताना डोंगराएवढा वाटणारा कागद आत आल्यावर नुसताच कागद.

'एक सही करायला काय जातं' ही समजूत ह्या काळातली आहे. तिथे आधी स्थिरावलेल्या मंडळींनी भावा-बहिणींना नेलं ते अशाच सह्यांवर. आणि इथेच आमच्या घरातला किस्सा येतो. माझी आतेबहीण तिथली नागरिक, लग्न पुण्यातल्या मुलाशी झालंय, पण ती अजून पीएचडी करतेय आणि स्टायपेंड लागणाऱ्या आकड्याच्या खाली. मुलाला इथे उत्तम पगार, पण इथली नोकरी सोडूनच तो जाणार, त्यामुळे तो पगार मोजत नाहीत. त्याची शिल्लक धरतात, पण तुटीच्या तिप्पट असावी लागते. दहा हजार डॉलर कमी पडत असतील तर तीस हजार दाखवा. तेवढी नव्हती. म्हणजे जॉइंट स्पॉन्सर हवा. नात्यातले एक काका तिथे आहेत, त्यांनी विचार करायला पंधरा दिवस मागितले. झालं! फोनाफोनी, रुसवे, 'इतका कमावतो पण...' वगैरे. माझ्या मते काकांचं अगदी बरोबर होतं. त्यांचे वडील गावाकडे एका पतसंस्थेत मित्राला जामीन राहिले होते आणि ते कर्ज ह्यांनी फेडलंय. जामीन म्हणजे काय हे त्या घराला कुणी शिकवायला नको. काकांनी फॉर्म अथपासून इतिपर्यंत वाचला आणि मग सही केली.

कारण १९९६ मध्ये सगळं बदललं होतं. त्या वर्षी ३० सप्टेंबरला क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने अॅफिडेव्हिटचा रीतसर करार झाला, आणि १९ डिसेंबर १९९७ पासून आय-८६४ लागू झाला. आता सरकार वसुलीसाठी कोर्टात जाऊ शकतं, आणि ज्याला आणलं तोही जाऊ शकतो. करार संपतो तो माणूस नागरिक झाला तर, त्याच्या नावावर कामाच्या ४० तिमाही जमा झाल्या तर (म्हणजे साधारण दहा वर्षं), तो ग्रीन कार्ड सोडून देश सोडून गेला तर, किंवा कुणी मेलं तर. घटस्फोटाने संपत नाही. हे वाक्य मी दोनदा वाचलं होतं, तुम्हीही वाचा. लग्नासाठी केलेली सही लग्नापेक्षा जास्त टिकते.

२०१२ मध्ये सेव्हन्थ सर्किट कोर्टात नेमकं हेच आलं. घटस्फोटित नवऱ्याचं म्हणणं, ती नोकरी शोधत नाही, मग मी का पैसे देऊ? न्यायमूर्ती पोस्नर यांनी सांगितलं की तिने नोकरी शोधलीच पाहिजे अशी अट कायद्यात नाही. पैसे द्या. मला हा निकाल त्या माणसाच्या दृष्टीने कठोर आणि तरीही योग्य वाटतो. बाई सगळं सोडून आलेली असते, आणि करार काही तिने लिहिलेला नसतो.

राहिला तो आकडा. फेडरल दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के (लष्करातल्या माणसाला जोडीदारासाठी १०० टक्के). मसुद्यात आधी ह्याहून मोठी टक्केवारी होती, वाटाघाटीत खाली आली. पण मुळात ती रेषा कुठून आली? सोशल सिक्युरिटी खात्यातल्या मॉली ऑर्शान्स्की ह्या बाईंनी १९६३-६४ च्या सुमारास ती काढली. युक्रेनमधून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातली, ब्रॉन्क्समध्ये वाढलेली मुलगी. तिने १९५५ ची घरखर्चाची पाहणी घेतली, त्यात दिसलं की घरं करानंतरच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा खाण्यावर घालवतात. म्हणून सर्वात काटकसरीच्या जेवणाचा खर्च काढला आणि त्याला ३ ने गुणलं. १९६९ मध्ये ती सरकारी व्याख्या झाली. आता सरासरी अमेरिकन घर खाण्यावर साधारण दहावा हिस्सा घालवतं, बाकी सगळं घरभाडं आणि औषधपाणी खातं. रेषा मात्र दरवर्षी फक्त महागाईने वर सरकवतात. नवरा-बायको अशा दोघांच्या घराला लागणारे १२५ टक्के म्हणजे १९९७ मध्ये १३,२६२ डॉलर होते, २०२४ मध्ये २५,५५०. आतला तो हार्डकोड केलेला ३ कुणी बदललेला नाही.