मोहाडी गाव की शहर? घरकुलाच्या पैशाची गोष्ट

“तुझी पीएचडी नेमकी कशावर आहे?” असं कुणी विचारलं की मी आधी “नागरी गृहनिर्माण आणि वित्तीय संघराज्य” असं काहीतरी भारदस्त सांगायचे. समोरचा माणूस मान हलवायचा आणि विषय बदलायचा. आता सरळ सांगते, “दिल्लीचा पैसा छोट्या गावातल्या घरापर्यंत कसा येतो, आणि कुठे अडतो, त्यावर.” मग मात्र भंडारा जिल्ह्यातला माणूस लगेच विचारतो, “मग आमचं घरकुल कधी येते जी?”

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तो प्रश्न इतका गुंतागुंतीचा का झाला, हे मोहाडीच्या उदाहरणाने सांगता येतं.

भंडारा-तुमसर रस्त्यावरची मोहाडी तुम्ही बसमधून पाहिली असेल. चौंडेश्वरीचं देऊळ, तहसील कार्यालय, धानाची शेतं. २०११ च्या जनगणनेच्या वेळी इथे ग्रामपंचायत होती. २०१४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं, की तालुक्याच्या मुख्यालयी असलेल्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायच्या. त्या लाटेत मोहाडीही कागदोपत्री ‘नागरी’ झाली. शेतं तीच, माणसं तीच, पण सरकारच्या खात्यात तिचं पान बदललं. माझ्या मते पैशाची सगळी गोष्ट या पान बदलण्यातच आहे.

थोडं मागे जाऊ. केंद्राने १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी अनुदानाची योजना काढली. तिचा हिशेब कारखाना कायद्यात बसणाऱ्या कामगारापासून सुरू व्हायचा. मोहाडीजवळच्या आंधळगावात घरीच हातमागावर कोसा विणणारा माणूस त्यात बसत नव्हता, कारण त्याचं घर म्हणजे कारखाना नव्हे! खेड्यांसाठी १९५७ मध्ये वेगळी योजना आली, पण तिचा भर कर्जावर होता. म्हणजे शहर आणि खेडं असे दोन रस्ते तेव्हाच पडले. १९८५ च्या इंदिरा आवास योजनेने खेड्यातल्या रस्त्यावर अनुदान आणलं, आणि शहरांच्या बाजूला २००१ मध्ये वाल्मिकी-आंबेडकर आवास योजना, २००५ मध्ये जेएनएनयूआरएम अशा योजना येत गेल्या. जेएनएनयूआरएमच्या मुख्य यादीत विदर्भातून नागपूर होतं, बाकी लहान शहरांसाठी वेगळी उपयोजना होती. मोहाडीला यातलं काहीच लागू नव्हतं, ती खेडं होती.

मधल्या काळात एक महत्त्वाची गोष्ट झाली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ‘नगरपंचायत’ हा प्रकार आणला, ग्रामीण भागातून नागरी भागाकडे संक्रमण करणाऱ्या वस्तीसाठी. संक्रमण हा शब्द मला फार आवडतो. घटनेने मान्य केलं की काही गावं मधल्या अवस्थेत असतात. पण अनुदानाच्या योजनांना मधली अवस्था नाही. त्यांच्यात फक्त दोन रांगा आहेत.

आता रांग बदलली की काय होतं ते बघा. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये, शिवाय रोजगार हमीतून साधारण ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. यादी सुरुवातीला २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणावरून, ग्रामसभेत वाचून. नागरी योजनेत (सुरुवात २५ जून २०१५) स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा १ लाख, मिळून अडीच लाख. आकडा मोठा, पण ती ग्रामसभा नाही आणि ती रोजगार हमीही नाही.

त्याऐवजी आहे प्रस्ताव. नगरपंचायतीने मागणी सर्वेक्षण करायचं, सविस्तर प्रकल्प अहवाल (सगळे त्याला डीपीआरच म्हणतात) बनवायचा, तो म्हाडामार्फत राज्याच्या समितीकडे, तिथून दिल्लीच्या मंजुरी समितीकडे. मंजूर झाला की केंद्राचा हिस्सा ४०, ४० आणि २० टक्के अशा हप्त्यांत, आणि प्रत्येक टप्प्यावर घराचा जिओ-टॅग केलेला फोटो. मोठ्या महापालिकेत यासाठी वेगळा कक्ष असतो, सल्लागार असतात. लहान नगरपंचायतीत हे काम मोजक्याच माणसांवर येतं, आणि पाणी, दिवे, कर हे सगळंही त्यांच्याच अंगावर असतं. ‘शहरे अनुदान मागतात’ असं पुस्तकात वाचताना आपल्या डोळ्यांपुढे हे टेबल येत नाही.

पण खरी अडचण डीपीआरच्याही आधी सुरू होते. ‘स्वतःच्या जागेवर’ हे दोन शब्द परत वाचा. जुन्या गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, पण तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. सिटी सर्व्हे झालेला असेल तर आखीव पत्रिका मिळते, नाहीतर नाही. २०२० मध्ये केंद्राने ड्रोनने गावठाणं मोजून मालकीची पत्रं द्यायला स्वामित्व योजना सुरू केली. ती ग्रामीण भागासाठी! म्हणजे जी गावं काही वर्षं आधी ‘शहर’ झाली, त्यांच्या हाती ही मोजणी आपोआप लागली नाही.

आणि सरकारी जागेवरच्या घरांचं काय? २०१८ मध्ये राज्याने नागरी भागातली अशी निवासी अतिक्रमणं ‘सर्वांसाठी घरे’साठी नियमानुकूल करायचा निर्णय घेतला. पण पूर्व विदर्भात त्यात एक खास आपला अडथळा आहे: झुडपी जंगल. महसुली नोंदीतला हा जुना शब्द. जागेवर झाडं असोत वा नसोत, नोंद तशी असली की १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती जमीन वनाच्या कक्षेत धरली जाऊ लागली. भंडाऱ्यासह सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे, आणि तिच्यावर शाळा, कार्यालयं, घरं केव्हाच उभी राहिलेली आहेत.

२२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की झुडपी जंगल हे वनच. मात्र १२ डिसेंबर १९९६ आधी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी राज्याला केंद्राची मंजुरी मागता येईल. त्यानंतरच्या वाटपांचे निकष कडक आहेत.

म्हणून हल्ली कुणी घरकुलाचं विचारलं की मी आधी उलट विचारते: तुमच्या जागेचा कागद कुठला आहे, आणि त्यावर तारीख कोणती आहे?