जुन्या ऑस्टिन सेव्हनचें वय

जुनी मोटारगाडी समोर उभी राहिली कीं पाहणारा प्रथम तिच्यावरील नांव वाचतो आणि मग मालकास साल विचारतो. नांव बहुधा खरें असतें. सालाविषयीं मात्र मालकाचा शब्द प्रमाण मानूं नये. हा घोटाळा ज्या इंग्रजी गाडीच्या बाबतींत वारंवार होतो, त्या ऑस्टिन सेव्हनविषयीं येथें लिहितों.

१९२१ सालीं बर्मिंगहॅमनजीकच्या लाँगब्रिज येथील ऑस्टिन कंपनी मोठ्या आर्थिक संकटांत होती. त्याच सालापासून इंग्लंडांत मोटारीवर दर अश्वशक्तीस एक पौंड असा वार्षिक कर बसला. ही अश्वशक्ति सिलिंडरच्या व्यासावरून हिशेबानें काढलेली असे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. तेव्हां सर हर्बर्ट ऑस्टिन यांनीं संचालकांचा विरोध न जुमानतां, स्टॅन्ली एज नांवाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या तरुणाकडून आपल्या राहत्या घरीं एका चिमुकल्या गाडीचे नकाशे काढविले. १९२२ सालीं ती अवतरली. १९३९ पर्यंत तशा सुमारें २,९०,००० गाड्या झाल्या.

आतां वय कसें ओळखावें? फीत घेऊन पुढल्या व मागल्या चाकांच्या आंसांमधील अंतर मोजावें. तें ६ फूट ३ इंच भरलें तर गाडी बहुधा १९३१ च्या अखेरीपूर्वींची. ६ फूट ९ इंच भरलें तर नंतरची. पायाचा ब्रेक मागल्या चाकांस व हाताचा पुढल्या चाकांस लागत असेल, तर ती १९३० पूर्वींची. तीन गिअर जुन्या गाडीस. चौथा १९३२ त आला. पेट्रोलची टाकी पूर्वीं पुढें, बॉनेटच्या मागच्या बाजूस असे. पुढें ती गाडीच्या मागें गेली. रेडिएटर रंगविलेल्या आवरणांत झांकलेला दिसला कीं ती १९३४ पासूनची ‘रूबी’ समजावी.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर पुष्कळ तरुणांनीं मोडकळीस आलेल्या सेव्हन स्वस्तांत घेऊन, त्यांचे मूळ सांगाडे टाकून, वर पत्र्याचे शर्यतीचे सांगाडे चढविले. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची पहिली गाडी अशाच सेव्हनवर उभी राहिली. या उद्योगांत किती सुरेख कुटुंबगाड्या नाहींशा झाल्या, याची हळहळ मला अद्यापि वाटते. म्हणून सांगाड्यावर विश्वास न ठेवतां चासीवर ठोकलेला क्रमांक पाहावा. इंजिनचा क्रमांक निराळा असतो, आणि इंजिनें तर सहज बदललीं जात. नोंदणीचा क्रमांक साह्य करितो खरा, पण तो पहिल्या नोंदणीचा काळ सांगतो. गाडी त्यापूर्वीं कित्येक महिने दुकानांत पडून राहिलेली असूं शकते.

हा खटाटोप पोकळ नव्हे. १९३४ त स्थापन झालेल्या इंग्लंडांतील व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लबाच्या नियमाप्रमाणें ३१ डिसेंबर १९३० पर्यंत बनलेलीच गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. त्यामुळें १९३१ च्या गाडीस एक वर्ष मागें ढकलण्याचा मोह विक्रेत्यास होतो. आणि पुढें ती विकत घेणारा गरीब बिचारा क्रमांक न पाहतांच पैसे मोजून मोकळा होतो.