वाळूवरचा विमानतळ

स्कॉटलंडच्या पश्चिमेला बॅरा नावाचं छोटं बेट आहे. तिथे १९३६ पासून प्रवासी विमानं नेमाने येतात, आणि उतरतात थेट समुद्रकाठच्या वाळूवर! भरतीला धावपट्टी पाण्याखाली जाते, म्हणून वेळापत्रक ओहोटी बघूनच ठरतं. आपल्या शिंपल्या काढणाऱ्या बायांसारखंच की! बॅराची माणसंही त्याच वाळूत शिंपल्या वेचतात. वारा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर चढली, की वाळू सोडायची.

ग्लासगोला विमान सव्वा तासात पोचतं. बोटीने नुसता मुख्य भूमीचा किनारा गाठायलाच जवळजवळ पाच तास. घरात कुणी अत्यवस्थ असेल तर? रात्री तातडीचं विमान उतरायचं झालं, तर वाळूवर गाड्यांच्या दिव्यांचा उजेड पाडतात.