रेंज रोव्हर : हवेच्या सस्पेन्शनऐवजी कॉइल स्प्रिंग

हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर तोललेल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीतील फुगे व त्यांची नियंत्रण-यंत्रणा काढून किंवा निकामी करून तेथे पोलादी कॉइल स्प्रिंग बसवण्याचा फेरबदल. तो सर्वाधिक होतो पी-३८ए या दुसऱ्या पिढीच्या रेंज रोव्हरवर (१९९४–२००२). प्रस्तुत नोंद मुख्यतः तिच्याविषयी आहे.

पूर्वपीठिका : चार्ल्स स्पेन्सर किंग आणि गॉर्डन बॅशफोर्ड यांनी आखलेली पहिली रेंज रोव्हर जून १९७० मध्ये आली, तेव्हा या वर्गातील बहुतेक गाड्या पाट्यांच्या (लीफ) स्प्रिंगवर चालत. तिला मात्र चारही चाकांना लांब हालचालीच्या कॉइल स्प्रिंग होत्या. मागच्या ॲक्सलवर भारानुसार उंची सावरणारा बोज कंपनीचा घटकही होता. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे हवेचे सस्पेन्शन १९९२ च्या अखेरीस आले. पी-३८ए मध्ये ते सरसकट दिले गेले. म्हणजे आज ‘जुगाड’ म्हणून हिणवला जाणारा हा बदल मूळ आराखड्याच्या बराच जवळचा आहे.

मूळ यंत्रणा : विजेवर चालणारा कॉम्प्रेसर हवा शोषक डबीतून कोरडी करून टाकीत सुमारे १० बार दाबाने साठवतो. तेथून व्हॉल्व्ह ब्लॉक ती बारीक नायलॉन नळ्यांमधून चार फुग्यांकडे पाठवतो. चार सेन्सर ॲक्सलची उंची मोजतात आणि सीटखालचा नियंत्रक त्यानुसार हवा भरतो वा सोडतो. नेहमीच्या पातळीपेक्षा महामार्गाची पातळी सुमारे २५ मिमी खाली, प्रवाशांच्या चढउतारासाठीची ६५ मिमी खाली, तर खडबडीत रस्त्याची ४० मिमी वर असते. ताशी ८० किमीपेक्षा अधिक वेग अर्धा मिनिट टिकला की गाडी आपोआप खाली बसते. गंभीर दोष आढळल्यास नियंत्रक हवा सोडून गाडी बंप-स्टॉपवर उतरवतो आणि डॅशबोर्डवर ताशी ३५ मैलांच्या आत चालवण्याचा इशारा देतो. मालकांचा संताप याच क्षणाचा, आणि कॉइलसंचांची मागणी बहुतेक येथूनच सुरू होते.

बिघाडाचा क्रम : येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण रूपांतर हवे की दुरुस्ती, हे यावरच ठरते. फुग्याचे रबर घडीच्या जागी चिरते व रात्रभर उभी गाडी सकाळी एका कोपऱ्यावर झुकलेली दिसते. गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर अधिक काळ चालतो, तापतो, त्याच्या पिस्टनचे सील झिजते. मग दाब वेळेत चढत नाही आणि नियंत्रक त्याचीही दोष म्हणून नोंद करतो. व्हॉल्व्ह ब्लॉकमधील रबरी कड्या कडक झाल्या की हवा एका चाकाकडून दुसऱ्याकडे सरकते व लक्षणे गोंधळात टाकतात. फुगा हा ठरावीक वर्षांनी बदलायचा भाग आहे, टायरसारखाच; तो फाटेपर्यंत न बदलता सारा दोष ‘हवेला’ देणे तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय नाही. उलटपक्षी, उंचीचे सेन्सर, ब्लॉक आणि कॉम्प्रेसर हे तिन्ही एकदम गेले असतील, तर कॉइलसंच बहुधा स्वस्त पडतो.

काम : चासिस जॅकस्टँडवर घेऊन, नियंत्रकाकडून हवा पूर्ण सोडवून मगच नळ्या सोडतात. दाब असताना नळी काढणे धोक्याचे. फुग्याच्या वरच्या क्लिपा व खालची पिन काढून तेथे स्प्रिंगच्या बैठका आणि स्प्रिंग बसतात. ॲक्सल पूर्ण लोंबकळल्यास स्प्रिंग बैठकीतून निसटू नये, यासाठी ती एका टोकाला पकडून ठेवावी लागते. जुने शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठेवावेत की नवे घ्यावेत याबाबत एकमत नाही. पुढच्या दिव्यांचा झोत मात्र नव्याने जुळवावाच लागतो.

विद्युत भाग : यांत्रिक काम एका दिवसाचे, खरी परीक्षा वायरिंगची. केवळ फ्यूज काढल्यास डॅशबोर्डवरील दोषसंदेश व घंटी कायम राहते, कारण गाडीचा मुख्य नियंत्रक सस्पेन्शनकडून उत्तराची वाट पाहत असतो. म्हणून अनेक संचांत सस्पेन्शन-नियंत्रकाच्या जागी बसणारे छोटे सर्किट देतात, जे ‘सारे ठीक’ असा संकेत पुरवते. कॉम्प्रेसरची वीज तोडणे, उघड्या नळ्यांची तोंडे बंद करणे ही कामे हमखास राहून जातात. फुगे वगळता सर्व यंत्रणा जागच्या जागी ठेवून रूपांतर उलटवता येण्याजोगे करणे प्रस्तुत लेखकास अधिक शहाणपणाचे वाटते.

परिणाम : हवेच्या फुग्यात भार वाढला की उंची राखण्यासाठी दाब वाढतो, दाबाबरोबर ताठरपणाही वाढतो, त्यामुळे गाडीच्या वर-खाली होण्याची वारंवारता जवळपास तीच राहते. साध्या कॉइलचा ताठरपणा भाराने बदलत नाही. स्प्रिंगवरील वस्तुमान ४४ टक्के वाढल्यास वारंवारता १.२ पटीने घटते आणि गाडी खाली बसते. म्हणून एकटा चालक चालवतो त्या गाडीसाठी निवडलेली मऊ स्प्रिंग ट्रेलर ओढताना मागून दबते, आणि ट्रेलरसाठी निवडलेली ताठ स्प्रिंग रिकाम्या गाडीत आदळते. घट्ट गुंडाळीची टोके देऊन ताठरपणा क्रमाने वाढवणाऱ्या स्प्रिंग हा मधला मार्ग. उंचीची निवड, विशेषतः चढउतारासाठी खाली बसणे, कायमची जाते. पी-३८ए ला मागे अँटी-रोल बार नाही. ते काम ॲक्सलला घट्ट आवळलेले संमिश्र द्रव्याचे दांडे करतात, आणि स्प्रिंग बदलल्याने त्यांत फरक पडत नाही.

अन्य गाड्या : डिस्कव्हरी-२ मध्ये काही गाड्यांना फक्त मागे फुगे होते, तेथे बदल सोपा. रेंज रोव्हरच्या नंतरच्या, स्वतंत्र सस्पेन्शनच्या तिसऱ्या पिढीत तो अधिक अवघड.

भारत : मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांवर निर्बंध घालते; आरटीओकडे आधी विचारणा इष्ट.