कलकत्त्याचा दरवाजा

वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाचे नियम आजच्या पालकांना तोंडपाठ असतात. कलकत्त्याच्या महाविद्यालयाचे पहिले नियम मात्र फारसे कोणी वाचत नाही. बेंटिंकसाहेबांच्या २८ जानेवारी १८३५ च्या आदेशाने ते महाविद्यालय निघाले. उमेदवाराचे वय १४ ते २० असावे. त्याला इंग्रजी आणि बंगाली, किंवा इंग्रजी आणि हिंदुस्थानी, लिहितावाचता यावी. जातीची अट नव्हती. शवविच्छेदन करावे लागे, आणि १८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्तांनी ते केलेही.

एखादी स्त्री अर्ज करील, हे त्या काळी कोणाच्या मनात आले असेल असे वाटत नाही. अबला दास यांना १८८२ मध्ये वैद्यकाच्या शिक्षणासाठी मद्रासला जावे लागले. तेथे १८७५ पासूनच स्त्रियांना प्रवेश होता. कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला ही तऱ्हा परिचित आहे: कागदावर नकार नसतो, पण अर्ज पुढे सरकत नाही. कादंबिनी गांगुली तर बी. ए. झालेल्या. तरीही अध्यापकवर्गाचा विरोध होताच. अखेर १८८३ मध्ये बंगाल सरकारनेच स्त्रियांना प्रवेश द्यावा असे ठरविले. प्रवेश मिळाला, एम. बी. मात्र मिळाली नाही. १८८६ मध्ये महाविद्यालयाची पदविका घेऊन त्या बाहेर पडल्या आणि १८९३ मध्ये पुढील शिक्षणासाठी एडिंबरोला गेल्या.