रुग्णालयाच्या दारीं खंडणी

रुग्णसेवेला वेठीस धरून संगणकाच्या द्वारें पैसा उकळण्याची युक्ति अगदीं अलीकडची, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः तिचा उगम १९८९ च्या डिसेंबरांत सांपडतो. त्या महिन्यांत सुमारें वीस हजार फ्लॉपी चकत्या टपालानें घरोघर पोहोंचल्या. त्या ज्यांना मिळाल्या त्यांत एड्सचे अभ्यासकही होते. वर लिहिलें होतें, ‘एड्सविषयीं माहिती’. चकती घातल्यावर प्रथम कांहींच बिघडत नसे. यंत्र नव्वद वेळां सुरू झालें, म्हणजे मात्र आंतील फायलींचीं नांवें सांकेतिक लिपींत पालटत आणि पडद्यावर मागणी उमटे: १८९ डॉलर पनामांतील एका टपालपेटीच्या पत्त्यावर धाडावे! गंमत अशी कीं, नांवेंच तेवढीं पालटलेलीं. मजकूर शाबूत होता. दारावरच्या पाट्या उलटसुलट केल्या म्हणून घर कांहीं पडत नाहीं. पण घाबरलेल्या माणसाला हें कळावें कसें? या कृत्याचा आरोप जोसेफ पॉप या शास्त्रज्ञावर आला. मनःस्थिति ठीक नसल्यामुळें त्याच्यावरील खटला इंग्लंडांत चाललाच नाहीं.

पुढें २०१७ च्या १२ मे रोजीं, शुक्रवारीं, ‘वॉनाक्राय’ अवतरला. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनें परक्यांसाठीं जपलेलें हत्यार चोरीस जाऊन एप्रिलांत चव्हाट्यावर आलें होतें. त्याच्याच बळावर हा किडा दीडशेंहून अधिक देशांत पसरला. ब्रिटिश आरोग्यसेवेवर त्याचा रोख नव्हता, तरी इंग्लंडांतील २३६ पैकीं निदान ८० रुग्णालय-संस्थांना झळ पोहोंचली. सुमारें १९,००० भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या असाव्या, असा सरकारी अंदाज आहे. पांच भागांत तातडीच्या रुग्णांना दूरच्या इस्पितळांत न्यावें लागलें. परिचारिका व डॉक्टर कागद-पेन्सिलीवर आले.

मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चांतच उपलब्ध होती. ती लावली नाहीं हा आळस खरा. पण सारा दोष आळसाच्याच माथीं मारणें अन्यायाचें होईल. एम्. आर्. आय्. सारख्या यंत्रांतील जुनी प्रणाली रुग्णालयाला परस्पर बदलतां येत नाहीं, आणि रुग्ण रांगेंत असतां यंत्र बंद ठेवावें तरी केव्हां? त्याच दिवशीं सायंकाळीं एका तरुण ब्रिटिश संशोधकानें कार्यक्रमांत दडलेला एक पत्ता स्वतःच्या नांवें नोंदविला, आणि प्रसार थांबला. ब्रिटिश आरोग्यसेवेंतील कोणत्याही संस्थेनें खंडणी दिल्याचें आढळलें नाहीं.

दिल्लीच्या एम्सवर ही पाळी २०२२ च्या २३ नोव्हेंबरला आली. पांच सर्व्हर बाधित झाले. जाळ्याचे विभाग नीट पाडलेले नव्हते, असें कारण पुढें सरकारनें संसदेंत दिलें. बाह्यरुग्णांची नोंदणी व प्रयोगशाळेचे अहवाल तेथें कित्येक दिवस हातानें लिहिले जात होते.